पेवावरचा रविवार

भाऊसोच्या लग्नात हळद लावायला बायका जमल्या, तेव्हा नवरीच्या आत्यानं त्याचे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "ह्याला कशाला लावताय गं? ह्यो तर घरनंच लावून आलाय." मांडवात हशा पिकला. त्याच्या नखांतला आणि कानामागचा पिवळा रंग तेव्हाही निघत नव्हता, आज अडुसष्टाव्या वर्षीही पुरता निघालेला नाही. चौदाव्या वर्षी तो बापामागं हळदीच्या पेवात उतरला, तो पुढं चाळीस वर्षं उतरतच राहिला.

पेव म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. सांगलीतल्याच पोरांना ठाऊक नाही, तर पुण्याच्यांची काय कथा. नदीकाठच्या घट्ट मातीत खणलेला खड्डा. तोंड एवढं अरुंद की माणसानं अंग चोरून आत जावं, आणि आत रांजणासारखं सुटलेलं पोट. खोली वीस-पंचवीस फूट. तळाला आणि कडेनं उसाचा वाळका पाला नि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर फरशी टाकून मातीनं लिंपून घ्यायचं. मग पाच वर्षांनी उघडा, हळकुंड जसंच्या तसं. ना कीड, ना औषध, ना विजेचं बिल.

पण पेव भरणं सोपं आणि उघडणं अवघड. बंद पेवातली हवा कोंडून मारक होते. तिला रंग नाही, वास नाही. म्हणून फरशी काढली की पेव एक दिवस उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील दोराला बांधून आत सोडायचा. तळापर्यंत जळत गेला तर माणसानं उतरायचं, तेही कमरेला दोर बांधून. मध्येच विझला तर गप वर बसायचं, शेठ कितीही बोंबलू दे.

साळूबाईचा, म्हणजे भाऊसोच्या बायकोचा, सख्खा भाऊ सिद्धू गप बसला नाही. व्यापाऱ्याचा ट्रक खोळंबला होता म्हणून तो बिनकंदिलाचा उतरला. भाऊसो त्याच्या मागं उडी टाकणार, तर बापानं भाऊसोच्या कानाखाली जाळ काढला आणि गळपट्टी धरून ठेवलं. गळ टाकून सिद्धूला वर काढलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून पेवावर भाऊसोनं कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. आणि म्हणूनच म्हातारपणी त्याला जे ऐकावं लागलं, ते सांगताना माझंसुद्धा डोकं तापतं.

पुढं गोदामं आली, कोल्ड स्टोरेज आली. पेवं बुजली, त्यांवर बंगले उठले. हरिपूर रस्त्याच्या अंगाला एका जुन्या व्यापाऱ्याच्या मळ्यात एकच धड पेव राहिलं. भाऊसो आठवड्यातून दोनदा तिकडं जाऊन त्याच्या तोंडाची माती चाचपून यायचा. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी काही देतही नव्हतं.

त्या व्यापाऱ्याचा नातू ऋषिराज. पोरगा वाईट नाही, वाईट असता तर बरं झालं असतं, तोंडावर शिव्या तरी देता आल्या असत्या. तो एकदा बायकोला घेऊन पाचगणीला गेला. तिथं लोक तिकीट काढून स्ट्रॉबेरीच्या रानात शिरतात, उन्हात वाकून स्वतः फळं तोडतात आणि वर तीच फळं विकत घेतात. माणसं खिशातले पैसे घालून मजुरी करतात हे बघून त्याला जणू साक्षात्कारच झाला. सहा महिन्यांत मळ्याला कमान लागली, 'सोनपेव कृषी पर्यटन केंद्र'.

भाऊसोला आधी आनंदच झाला. पेव राहणार होतं. ऋषिराजनं त्याला बोलावून घेतलं, "काका, तुम्ही आमचा जिवंत वारसा आहात," म्हणाला, फेटा दिला आणि पेवाशेजारी एका बाजल्यावर बसवलं. भाऊसोला फेट्याची सवय नव्हती, तो टोपीवाला माणूस. पण बसला.

आणि मग बसल्या जागी त्याला एकेक दिसायला लागलं. सांगलीच्या मळ्यातल्या भिंतींवर वारली चित्रं. ती का, तर गावाकडचं वाटतं म्हणून. बैलांच्या शिंगांना सोनेरी ऑइलपेंट. एक खिलार गाय दिवसभर फोटोसाठी दावणीला, तिच्या शेपटीला फुलांचा गजरा. 'हळदस्नान' म्हणून एक टाकी, तिच्यात हळद चिमूटभर आणि बाकी रंग. त्यात मोठमोठी माणसं चड्डीवर बसून एकमेकांच्या तोंडाला फासत होती आणि किंचाळत होती. पेवाच्या कडेला रचलेल्या पोत्यांत वर दोन बोटं हळकुंडं आणि खाली भुस्सा. एका बाईनं त्यातलं एक हळकुंड उचललं, चावलं, तोंड कडू झालं म्हणून पेवाच्या तोंडाशी पचकन थुंकली, आणि तिच्या नवऱ्यानं ते थुंकणं मोबाईलवर घेतलं. चाळीस वर्षं ज्या जागी भाऊसोनं चप्पल घालून पाय ठेवला नव्हता, तिथं. तो उठला, मूठभर माती आणून थुंकीवर टाकली आणि परत येऊन बसला. त्या दिवशी घरी जेवताना कालवणातल्या हळदीचा वास आला. ताट सारून उठला.

"काय झालं?" साळूबाईनं विचारलं.

"शिसारी आली."

"माझ्या हातच्या जेवणाची?"

"तुझ्या न्हवं. माझ्याच अंगाची."

मग सोडून का दिलं नाही म्हणाल, तर पूजासाठी. पूजा त्याची सून. वडूजची पोरगी, कोरडवाहू रानातली, बी.ए. झालेली. नवरा शिवतेज मिलिटरीत, वर्षातनं दोनदा घरी. ऋषिराजनं तिला पाहुण्यांना माहिती सांगायला ठेवलं. माईक हातात आला आणि ह्या पोरीला कंठ फुटला. घरात 'व्हय' आणि 'न्हाई' यापलीकडं न बोलणारी पूजा तिथं दोनशे माणसांना हसवायची. सगळे तिला मॅडम म्हणायचे. संध्याकाळी घरी आली की चेहरा उजळलेला असायचा. म्हातारा ते बघायचा आणि फेट्याबद्दलची तक्रार गिळून टाकायचा.

सासऱ्या-सुनेतली रीत मात्र त्या घरात जुनीच. पूजाला येऊन तेरा वर्षं झाली, पण तिनं चहाचा कप कधी भाऊसोच्या हातात दिला नाही. खाली ठेवायची, तो उचलायचा. तिच्या हाताला त्याचं बोट कधी लागलं नव्हतं. कुणी सक्ती केली नव्हती, दोघांनाही तेच बरं वाटायचं.

दिवाळीनंतर ऋषिराजनं काढलं, "काका, रविवारी पेव उघडायचं. पाहुण्यांसमोर. थेट."

"शनवारी उघडू. एक दिस वारा खाऊ दे त्याला."

"उघडं पेव बघायला कोण येईल काका? लोकांना उघडताना बघायचंय."

पावसाळ्याआधी त्या पेवात पाला आणि थोडी जुनी हळद घालून ते लिंपून टाकलेलं होतं. सहा महिने बंद. भाऊसो म्हणाला, "उघडा, पण माणूस उतरायचा न्हाई. मी सांगंपातुर न्हाई."

"नाही हो. फक्त कंदील सोडायचा, तुम्ही शिकवलाय तसा."

रविवारी अकरा वाजता फरशी सरकवली. पाहुण्यांचं कडं पडलं होतं, सगळ्यांच्या पायात बूट. पूजा जरीच्या नऊवारीत, माईकवर सांगत होती की हा कंदील जळत राहिला तर आत जीव सुरक्षित. ऋषिराजनं स्वतः दोराला कंदील बांधून आत सोडला. जुन्या घडणीचा पितळी देखणा कंदील. तो खाली गेला, तळाला टेकला, उजेड तसाच. टाळ्या पडल्या. "मॅडम, आत जा की," कुणीतरी ओरडलं, मग चार जण ओरडले. ऋषिराजनं पूजाला हातानं खूण केली, दोनच पायऱ्या, हात हलवायचा आणि वर. आत बांबूची शिडी सोडलेली होतीच. पूजानं माईक खाली ठेवला आणि पाय घातला.

भाऊसो कडेशी वाकून आत बघत होता. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. उजेड पांढरा होता. आणि हलत नव्हता. चांगल्या हवेतसुद्धा पेवातली वात जरा थरथरते. ही मख्खासारखी जळत होती. बल्ब. त्या देखण्या कंदिलात बॅटरीवरचा बल्ब होता, पाण्यात बुडवला असता तरी विझला नसता. आणि त्याच्या भरवशावर त्याची सून आत चालली होती.

तो बोलत बसला नाही. खाली बसून त्यानं पूजाचं मनगट धरलं आणि तिला बाहेर ओढलं. बांगड्या फुटल्या, एक काच तिच्या हातात घुसली. ती ओरडली.  भाऊसोनं एका डब्यात तेलाची चिंधी पेटवली, डबा दोराला बांधून आत सोडला. बाराव्या पायरीशी ज्योत बुटकी झाली आणि कुणी बोटानं चिमटावी तशी गेली. धूरसुद्धा वर आला नाही.

"बगा," भाऊसो म्हणाला. त्याचा हात थरथरत होता. "ही हवा हाय आत."

 मग टाळ्या वाजल्या. खरं सांगतो, टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. त्यांना तो खेळ वाटला होता. एक माणूस पुढं आला आणि म्हणाला, "काका, परत एकदा करा ना, माझं रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं." भाऊसोनं दोर गुंडाळायला घेतला. जन्मात इतकी किळस त्याला मेलेल्या उंदराचीही आली नव्हती.

त्या संध्याकाळी ऋषिराजनं त्याला ऑफिसात बोलावलं. भाऊसोला वाटलं माफी मागतोय. मागितलीही, एका वाक्यात. मग मोबाईल पुढं केला. म्हाताऱ्यानं सुनेला ओढून काढल्याचं चित्रीकरण लाखभर लोकांनी बघितलं होतं.

"दर रविवारी अकराला," ऋषिराज म्हणाला. "आधी आपला कंदील, मग पूजा उतरणार, तुम्ही हात धरून ओढणार, मग ती चिंधी. बदल काहीच नको."

"तिचा हात मी धरनार न्हाई."

"अहो काका, तेच तर लोकांना बघायचंय."

"माझी सून हाय ती."

"म्हणूनच तर," ऋषिराज म्हणाला. आणि हे तो अगदी निर्मळ तोंडानं म्हणाला. मग तो मवाळपणे पुढं म्हणाला, "तुम्हाला नसेल जमत तर राहू दे. त्या भूमिकेसाठी एखादा माणूस बघतो मी."

इथं भाऊसो अडकला. दुसरा माणूस म्हणजे कोण? नाटकातला कुणीतरी. त्याला पेवाची हवा कळणार नाही, कधी ओढायचं कळणार नाही. पूजाला घरी सांगून बघितलं, "सोड ते काम." ती खाली मान घालून म्हणाली, "मामा, तुमी हायसा की तिथं. मग मला काय हुतंय?" शिवतेजला फोन लावला. तिकडनं पोरगा हसतच बोलला, "बाबा, लय भारी झालंय. अख्ख्या युनिटनं बगितलं." भाऊसोनं फोन साळूबाईच्या हातात दिला आणि परड्यात जाऊन बसला.

म्हणजे बघा, तेरा वर्षं ज्या हाताला बोट लावलं नाही, तो हात दर रविवारी अकरा वाजता दोनशे माणसांदेखत धरायचा. ऋषिराजनं फुटणाऱ्या काचेच्या बांगड्या वेगळ्या आणल्या, आवाज चांगला येतो म्हणून. पहिले दोन रविवार पूजाही मान वर करीना. तिसऱ्यापासून तिला सवय झाली, आणि तेच भाऊसोला जास्त लागलं. ती आधीच ओरडायला लागली. त्यानं हात धरायच्या आधी.

खेळ चालायचा तर चिंधी विझली पाहिजे, आणि चिंधी विझायची तर हवा वाईट राहिली पाहिजे. म्हणून सोमवार ते शनिवार पेव बंद, लिंपलेलं. ऋषिराजला कुणीतरी सांगितलं की ओला पाला कुजला की हवा लवकर बिघडते. त्यानं चार भारे ओला पाला आत टाकायला लावला. आयुष्यभर ज्या पेवातल्या हवेपासून माणसं जपली, ते पेव आता मुद्दाम नासवून ठेवायचं, आणि नासलेलं बघायला तिकीट.

दोर बांधायचं भाऊसोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोर फोटोत दिसतो, असं उत्तर मिळालं.

आणि पाहुण्यांचं एकच, "अजून आत जायला हवं होतं." म्हणून दर रविवारी पूजा दोन पायऱ्या खाली. दोन, चार, सहा, आठ. भाऊसो रविवारी साडेदहालाच, पाहुणे यायच्या आधी, फरशी जराशी सरकवून चिंधी सोडून बघायचा. पहिल्यांदा बाराव्या पायरीला विझली होती. मग दहाव्या. मग आठव्या. पाला कुजत होता, हवा वर चढत होती, आणि पोरगी खाली उतरत होती. माणसाचे पाय आठव्या पायरीवर असले की नाक चौथ्या पायरीशी येतं. चौथ्या रविवारी चिंधी सहाव्या पायरीला विझली. भाऊसोनं ऋषिराजला जाऊन सांगितलं, आज नको. ऋषिराज म्हणाला, "दोन पायऱ्या अंतर आहे ना? बास झालं."

त्या दिवशी भाऊसो पेवाच्या तोंडाशी पालथा पडला, हात आत घातला आणि पूजाला ओढलं, तेव्हा ती नेहमीसारखी हलकी लागली नाही. बाहेर आल्यावर ती ओरडलीच नाही. कडेला बसली, डोळे मिचकावले आणि मग पाहुण्यांकडं बघून उशिरानं हसली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई मामा. जरा गरगरलं. उपास हाय न्हवं आज." मग माईक उचलायला निघताना म्हणाली, "फुडल्या रविवारी माधवनगरची शाळा येनाराय, दोन बस. ऋषिराज सर म्हणत्यात, दहाव्या पायरीवरनं पोरास्नी हाक मारायची."

भाऊसोनं मनात हिशेब केला. दहावी पायरी म्हणजे नाक सहावीशी. चिंधी आजच सहावीला विझली होती, पुढल्या रविवारी चौथीला विझणार. बांगडी फुटायच्या आधीच पोरीचा हात त्याच्या हातातून निसटणार. आणि वर दोन बस भरून पोरं टाळ्या वाजवणार.

सोमवारी केंद्राला सुट्टी. सकाळी आठ वाजता भाऊसो मळ्यात गेला. फेटा घातला नव्हता, आपली टोपी घातली होती. चप्पल कमानीशी काढली. शेततळ्यावरची मोटार हळदीच्या प्लॉटला जोडलेली होती. तीन इंची पाइप त्यानं सोडवला आणि ओढत पेवापर्यंत आणला. म्हातारा माणूस, चार वेळा दम खायला बसला. पहारीनं लिंपण फोडलं, फरशी सरकवली, आपलं तोंड बाजूला धरून पाइप आत सोडला. मग जाऊन बटण दाबलं.

पेव सगळं सोसतं. उन्हाळा सोसतं, वर गाड्या गेल्या तरी सोसतं. पाणी सोसत नाही. एकदा आतली माती भिजली की भिंत सुटते, आणि सुटलेली भिंत परत उभी राहत नाही. ह्या रस्त्यावरच्या कितीतरी पेवांचा महापुरानं तसाच शेवट केला होता, आणि तेव्हा भाऊसो त्यांच्या चिखलापाशी बसून लहान पोरासारखा रडला होता. ह्या एका पेवाला त्यानं तेव्हा मातीचे बांध घालून, रात्रंदिवस राखून वाचवलं होतं. आता तो स्वतःच पाइप धरून बसला. रडला नाही. त्याला फार घाण वाटत होती, आणि घाण धुवायला पाणीच लागतं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तासाभरानं आतून गडगड ऐकू आली. भिंतीचा एक मोठा ढलपा सुटला आणि पाठोपाठ तोंडाची कड आत गेली. कुजक्या पाल्याचं पिवळं पाणी वर आलं. भाऊसो मागं सरकला, मोटार बंद केली आणि बाजल्यावर जाऊन बसला, ऋषिराज येईपर्यंत.

ऋषिराज आला, बघितलं, डोक्याला हात लावला. आधी पोलिसांत जातो म्हणाला. मग पोलीस आले की आत काय चालायचं हेही निघेल, हे त्याचं त्यालाच कळलं असावं. "काका, आमच्या आजोबांनी तुम्हाला एवढं सांभाळलं," असं काहीतरी बोलला.

"तुज्या आज्यानं एकदा कंदील इझला म्हणून दोन ट्रक माघारी लावलं हुतं," भाऊसो म्हणाला. "सिद्धू गेल्यानंतर. त्यो मानूस हुता." आणि घरी आला.

पूजा त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. कप खाली ठेवायची तो इतक्या जोरात की चहा बशीत सांडायचा. साळूबाईनं मध्ये पडायचा प्रयत्न केला, तर भाऊसोनंच तिला गप बसवलं. नवव्या दिवशी पूजा उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मला गरगरलं तवा मी खोटं बोलले. उपास न्हवता त्या दिशी. मला कळत हुतं."

भाऊसोनं हातातला कप खाली ठेवला.

"तुमी मला इचारलं असतं तर मीबी पाइप धरला असता. पर तुमी इचारलंच न्हाई. सरांनी बी इचारलं न्हाई, तुमी बी न्हाई." एवढं बोलून ती आत गेली. 

आता ऋषिराजचं म्हणाल तर असली माणसं बुडत नसतात. दोन महिन्यांत त्यानं बुजलेल्या जागेशेजारी नवीन पेव बांधलं, सिमेंटचं. आतून मातीचा रंग, लोखंडी शिडी, हवेसाठी गुपचूप बसवलेला पंखा. पेटता टेंभा आत सोडतात तो वरून बटण दाबून विझवतात. बाहेर पाटी, 'दोनशे वर्षांची परंपरा'. भाऊसोच्या जागी एक नाटकातला नट आणलाय, मिशा लावून, हाताला पिवळा रंग फासून. तो दर रविवारी पूजाचा हात धरतो आणि भाऊसोचीच वाक्यं म्हणतो, "बगा, ही हवा हाय आत," अगदी हात थरथरवून. पूजा परत कामावर जाते. त्यावर भाऊसोनं तिला एका शब्दानं अडवलं नाही. एकदाच विचारलं, "आत पंखा फिरतो न्हवं?" ती व्हय म्हणाली.

मळ्यातला कर्णा त्याच्या घरापर्यंत स्पष्ट ऐकू येतो. रविवारी अकरा वाजता तो नेमका जेवायला बसलेला असतो. त्या मिशीवाल्याचा आवाज आला की त्याच्या तोंडाची चव जाते, आणि तो साळूबाईला न ऐकू येईल अशी एक शिवी घालतो. मग पूजाची किंकाळी येते.

"वरडली बगा तुमची सून," साळूबाई म्हणते.

"वरडू दे. सिमिटाचं हाय समदं. खोटं."

खोटं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी कर्ण्यावर तिचा हसण्याचा आवाज येईपर्यंत भाऊसोचा घास हातातच असतो.